तीस लाखांत नवी देशी एसयूव्ही की सहा वर्षं जुनी जर्मन?

पाना_चौदा:
तीस लाखांच्या आसपास टाटाची नवी हॅरिअर येते आणि त्याच पैशांत पाच-सहा वर्षं वापरलेली जर्मन गाडीही. माझं मत सरळ आहे, देशी घ्या. जुन्या जर्मन गाडीचा भाव निम्म्यावर येतो, तिच्या पार्टचा येत नाही. मोठ्या मॉडेलांतलं एअर सस्पेन्शनच (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारी यंत्रणा) बघा. हवा भरलेल्या रबरी बेलोला (फुग्याला) बारीक चीर पडते, हवा गळते, ती भरून काढायला कंप्रेसर सारखा चालतो आणि जळतो. गॅरेजवाला कंप्रेसर बदलतो, चीर तशीच राहते, मग नवाही जळतो. घ्यायचीच असेल तर गाडी रात्रभर सपाट जागी उभी करा. चारही चाकांच्या कमानीची उंची रात्री आणि सकाळी टेपने मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर सौदा सोडा. हॅरिअरचे स्प्रिंग-शॉकअप कोणीही बदलून देतो.

डिझेलचा_धूर:
हॅरिअर देशी म्हणताय, पण तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं आहे. रांजणगावात बनतं. तेच जीप कंपासमध्ये, तेच एमजी हेक्टरमध्ये बसवलं. त्याआधीचं १.३ मल्टिजेट आठवा: स्विफ्टमध्ये तेच, पुंटोमध्येही तेच. स्विफ्ट डिझेल हातोहात जायची, पुंटोला गिऱ्हाईक शोधावं लागायचं. इंजिन एकच असून भावात एवढा फरक, म्हणजे रीसेल नुसत्या मजबुतीवर ठरत नाही.

आणि घसारा? विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षी आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) निम्मी होते. तो मार पहिल्या मालकाने खाल्लेला असतो. नवी घेणारा तो स्वतः खातो.

पाना_चौदा:
मग माझंच म्हणणं झालं की! भाव ठरतो तो सर्व्हिस सेंटर किती आणि पार्ट किती दिवसांत मिळतो यावर. शेवरोलेची इथली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाड्या इथेच बनत होत्या, तरी दलालांनी भाव पाडायला वेळ लावला नाही.

आरटीओ_खिडकी:
दोघंही जर्मन म्हणजे आयात धरून बोलताय. चाकणला जोडलेली मर्सिडीज किंवा चेन्नईला जोडलेली बीएमडब्ल्यू नोंदणीत आयात ठरत नाही. पूर्ण बांधून बाहेरून आलेली गाडी वेगळी. तिला महाराष्ट्रात एकरकमी कर २० टक्के. इथे बनलेल्या खासगी पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३, डिझेलला १३ ते १५. हा कर विकताना कोणी मोजून देत नाही.

पुढे १५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण: साध्या कारला ५,००० रुपये, आयात कारला ४०,०००. वीस वर्षांपुढे १०,००० आणि ८०,०००. म्हणून जुन्या आयात गाड्या चौदाव्या वर्षी स्वस्तात दिसतात; हौसेने फोन करण्याआधी आरसीवरची तारीख बघा. (लँड क्रूझर या हिशोबात बसत नाही. तिला कितीही जुनी झाली तरी मागणी असते.)

डिझेलचा_धूर:
बरोबर, मीही इथे जोडलेल्यांबद्दलच बोलतोय. पण त्यातही निवड हवी. सहा वर्षांहून जुनी बघत असाल तर २००७ ते २०११ च्या बीएमडब्ल्यू ३२०डी-५२०डीमधलं एन४७ डिझेल इंजिन टाळा. टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे चेनपेक्षा मजुरी भारी पडते. थंड इंजिन सुरू करताना मागून खडखड आली तर पुढे बोलूच नका. सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असेल तर चढावर, ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर होते का ते बघा.

उलट झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक दणकट आहे. ‘आयुष्यभराचं तेल’ या थापेला भुलू नका. बनवणारी कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किमीला तेल बदलायला सांगते. फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या तेलाच्या पॅनमध्येच असतो, म्हणून अख्खा पॅन बदलावा लागतो. आधीच्या मालकाकडे त्याचं बिल नसेल तर तेवढे पैसे भावातून कापा. बिघाड वाचणारा स्कॅनर लावताना फक्त इंजिन नको, एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्स सगळे मॉड्युल (त्यांचे छोटे संगणक) वाचून घ्या.

देशी डिझेलवाल्यांनी फार हसू नये. रोज पाच किमी ऑफिस आणि परत, एवढ्यावर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळत नाही. अर्धवट राहिलेल्या रीजनमध्ये (ती काजळी जाळण्याच्या क्रियेत) डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते.

पाना_चौदा:
डीपीएफ मान्य. शहरातच फिरणार असाल तर पेट्रोल घ्या, देशी असो की जर्मन.

आरटीओ_खिडकी:
भाव करताना आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, त्यावरचा सेस (उपकर) गेला. आधी दोन्ही मिळून ४५ ते ५० पर्यंत जायचे. नव्या गाड्या उतरल्या, पण विकणारे अजून २०१९-२० चं बिल दाखवून भाव सांगतात. तेच मॉडेल आज शोरूमला कितीला मिळतं ते विचारा आणि घसारा त्यावरून धरा.