क्षुल्लक गोष्टींवरची ठाम मतं (अनुभव धागा)

आमच्या चौघींमध्ये मोठ्या गोष्टींवरून कधी वाजत नाही. कुणी नोकरी सोडली, कुणी घर बदललं, कुणी लग्नाचा विचार गुंडाळून ठेवला, तरी बाकीच्या तिघी "तुला पटतंय ना, मग झालं" म्हणून मोकळ्या होतात. पण मालिकेचं शीर्षकगीत दर भागाला पूर्ण ऐकायचं की पुढे ढकलायचं, हा विषय निघाला की आवाज चढतात.

मी पूर्ण ऐकणाऱ्यांतली. नेटफ्लिक्सने २०१७ साली ते ढकलायचं बटण आणलं तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत. मैत्रिणीचं म्हणणं असं, की शीर्षकगीत ही हाक होती. माणसं घरभर पांगलेली असायची, सूर कानावर पडला की टीव्हीसमोर जमायची. आता मालिकाच आपल्यासाठी थांबते, तर हाक कुणाला मारायची? मुद्दा बिनतोड आहे, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

धागा अशा मतांसाठी. गाणी, टीव्ही, रोजचं जगणं. ज्याने जगाचं काही बिघडत नाही, पण मित्रांसमोर तुम्ही तसूभर हटत नाही असं काहीही. नुसतं मत नको. समोरचा काय म्हणाला तेही लिहा. राजकारण आणि गुंतवणूक कृपया दुसरीकडे.

शफलवादी

माझा एक मित्र शपथेवर सांगतो की त्याच्या फोनमधलं शफल एका गायिकेच्या प्रेमात पडलंय. शेकडो गाणी भरलेली, तरी हिचीच लागोपाठ तीन येतात. मी म्हणतो, अरे, खरोखर कसंही उचललं तर असंच होणार, गठ्ठे पडणारच. तो म्हणतो, मग ते बिघडलंय.

शेवटी त्याच्यापुढे कागद ठेवला. म्हटलं, नाणं न उडवता, मनानेच वीस वेळा छापा-काटा लिही. त्याने लिहिलं छापा, काटा, काटा, छापा, काटा, छापा... एकच बाजू सलग तीनदाही येऊ दिली नाही. मग खरं नाणं उडवलं. सुरुवातीलाच सलग चार काटे. वीस फेकींत कुठे ना कुठे सलग चार येण्याची शक्यता पाऊणाहून थोडी जास्तच असते, म्हणजे यात नशिबाचा काही संबंध नाही. आपल्या डोक्यातला 'कसंही' हा प्रकार फार नीटनेटका असतो.

गंमत म्हणजे कंपन्यांनी यात त्याचीच बाजू घेतलीय. स्पॉटिफायच्या लोकांनी २०१४ साली उघड लिहिलं होतं की लोकांना खरं यादृच्छिक शफल यादृच्छिक वाटत नाही, म्हणून एका गायकाची गाणी यादीभर पसरवणारी पद्धत आणली. हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. त्यावर तो, "म्हणजे माझी तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली!"

निवांत

शफलच मुळात पटत नाही. अल्बम ज्या क्रमाने काढलाय त्या क्रमाने ऐकायचा. विषय संपला.

शफलवादी

निवांतराव, संपला कसा? या क्रमाचं एवढं कौतुक करण्याची सोय झाली ती १९४८ मध्ये एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आल्यावर. त्याआधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. लांब रचना असेल तर तुकडे पाडायचे आणि ऐकणाऱ्याने दर तुकड्याला उठून तबकडी उलटायची. तेव्हाही लोक संगीत ऐकतच होते.

निवांत

उठून उलटायचे, पण क्रमानेच उलटायचे ना?

सबटायटल

आमच्याकडे कॅप्शनवरून वाद आहे. मला खाली अक्षरं लागतातच, भाषा समजत असली तरी. मित्रांना वाटतं हा कानाने अधू झाला. बरं, सिनेमा बघायला सगळे जमतात माझ्याकडे, रिमोट माझ्या हातात, पण बहुमत त्यांचं.

बाजू मांडतो. जुन्या डबड्या टीव्हीचे स्पीकर बहुधा समोर किंवा बाजूला असायचे, मोठे असायचे. आता टीव्ही बोटभर जाडीचा, स्पीकर पाठीमागे किंवा तळाला. म्हणजे संवाद आधी भिंतीला नाहीतर टेबलाला सांगितला जातो, मग आपल्याला. वर सिनेमाचं ध्वनिमिश्रण मोठ्या पडद्याच्या हिशेबाने झालेलं. त्यात संवादाला मधला वेगळा स्पीकर धरलेला असतो, घरी तो सगळा ऐवज दोन चिमुकल्या स्पीकरांत कोंबला जातो. परिणाम म्हणजे कुजबुज ऐकायला आवाज वाढवा आणि पुढच्याच क्षणी स्फोट झाला की शेजाऱ्यांची माफी मागा.

एका मैत्रिणीचा आक्षेप मात्र मला खोडता आलेला नाही. ती म्हणते, विनोदाचं शेवटचं वाक्य नट तोंड उघडायच्या आत खाली येतं. तू अर्धा क्षण आधी हसतोस आणि तुझ्या हसण्याने आमचा विनोद जातो. मी लक्ष ठेवून पाहिलं, तसंच होतं. नटाने जिथे मुद्दाम थांबा घेतलाय तो थांबाच अक्षरं खाऊन टाकतात. सध्याचा तह असा: गंभीर काही असेल तर कॅप्शन चालू, विनोदी असेल तर बंद. भयपटावर वाटाघाटी चालू आहेत, कारण तिथे "[दार करकरतं]" असं आधीच लिहून येतं.

ज्यांना अक्षरं नकोत त्यांनी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन रात्रीचा मोड किंवा संवाद उठावदार करणारा पर्याय शोधा. बऱ्याच टीव्हींत असतो आणि बऱ्यापैकी काम करतो.

दुपारची झोप

सेटिंगचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं. नवीन टीव्हीत चित्र गुळगुळीत करणारी एक सोय आधीपासून चालू असते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, टीव्हीचा पडदा ६० किंवा १२० वेळा ताजा होणारा. मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या मनाने तयार करून घुसवतो. मग शतकापूर्वीच्या लढाईतला घोडेस्वार काल संध्याकाळी कुणाच्या तरी घरगुती कॅमेऱ्याने टिपल्यासारखा दिसतो. मला ते सहन होत नाही.

आणि मी एकटी नाही! टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीसोबत डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून प्रेक्षकांना ही सोय बंद करायला सांगितलं होतं.

मी कुणाकडेही गेले की यजमान आत वळले रे वळले, की रिमोट उचलून ती बंद करते. एका मैत्रिणीच्या कधीच लक्षात आलं नाही. दुसऱ्या मित्राने महिन्याने फोन केला, "तू येऊन गेल्यापासून टीव्ही अडखळतोय." मी सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती सोय परत चालू केली. त्याला घोडेस्वार कालचाच आवडतो. खेळाच्या सामन्यांपुरतं त्याचं म्हणणं मान्य, चेंडू खरंच स्वच्छ दिसतो. सिनेमासाठी नाही, नाही आणि नाही.

तिरकस

माझं मत: मालिकेतलं टेपचं हसू वाईट नसतं.

हे बोलल्यावर मित्रांमध्ये माझी जी किंमत झाली ती झाली. "कुठे हसायचं ते तुला सांगावं लागतं का?" वगैरे. हा प्रकार १९५० च्या सुमारास अमेरिकेत सुरू झाला. पुढे चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने तर हसण्याची पेटीच बनवली. कळ दाबली की हवं तसं हसू, दबकं, खदखदून, एकट्या बाईचं, घोळक्याचं. पेटी कुलूपबंद असायची आणि आत काय आहे ते तो सहसा कुणाला दाखवायचा नाही.

माझा मुद्दा साधा आहे. मी एकटा राहतो. रात्री जेवताना मालिका लावतो. चार माणसं पाठीमागे हसत असतील तर मला चालतं. 'मॅश' या लष्करी इस्पितळावरच्या अमेरिकन विनोदी मालिकेत शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना मात्र हसू जोडायचं नाही असं करणाऱ्यांनी ठरवलं होतं, आणि तेही मला पटतं. म्हणजे सरसकट बाजू घेत नाहीये. पण मित्र ऐकून घेत नाहीत, फक्त हसतात. त्यांना पेटी लागत नाही.

गप्पिष्ट

लांब व्हॉइस मेसेज हा गुन्हा नाही, असं माझं मत. मैत्रिणी म्हणतात, फोन कर नाहीतर लिही, हे मधलंच काय? माझं म्हणणं, फोन समोरच्याचा वेळ तिथल्या तिथे मागतो, लिहिण्यात सूर हरवतो. मी आठवड्याचा वृत्तान्त सांगते, ती भांडी घासताना ऐकते, कुणाचं काय जातं?

परवा कळलं की ती मला दीडपट वेगाने ऐकते. २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने ती सोय दिली तेव्हापासून! आणि वर म्हणते कशी, "समोरासमोर भेटलीस की तू फार रेंगाळत बोलतेस असं वाटतं."

आळशी

गप्पिष्ट, मी व्हॉइस मेसेज पाठवतच नाही, कारण नंतर स्वतःचा आवाज ऐकवत नाही. बोलताना आपला आवाज हवेतून कानात जातो तसा कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो आणि त्यामुळे आपल्याला तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला येतो. म्हणजे मित्र इतकी वर्षं हाच पातळ आवाज ऐकत आलेत. कुणी बोललं नाही!

आठवी अ

"हल्लीच्या गाण्यांत दम नाही" हे मत माझंही होतं, आहे. कामाच्या ठिकाणी एक मैत्रीण झालीय, माझ्याहून बरीच लहान. ती म्हणाली, ताई, तुमच्या वेळच्या गाण्यांतही निम्मी टाकाऊ होती, ती गळून गेली आणि चांगली तेवढी उरली. तुम्ही गाळलेल्या मालाची तुलना न गाळलेल्याशी करताय.

मी म्हटलं, आजची गाणी सुरुवातीचे सूर तरी कुठे धड वाजवतात, लगेच तोंड उघडून मोकळी. तिचं उत्तर तयार. ऐकणाऱ्याने तीस सेकंद गाणं ऐकलं तर ते मोजलं जातं, त्याआधी पळाला तर नाही, मग आलाप कोण लावून बसणार? हे उत्तर आहे, समर्थन नाही, असं मी तिला सांगितलं. पौगंडावस्थेत आणि विशीत ऐकलेलं संगीत आयुष्यभर जास्त जवळचं राहतं हे मानसशास्त्रात बऱ्याचदा दिसून आलंय, ते तिने वर ऐकवलं. म्हणजे दोष गाण्यांचा नाही, माझ्या जन्मसालाचा.

मग तिने डाव टाकला. रोज दुपारी काम करता करता तिचं एक आवडतं गाणं लावायचं, मी फक्त तक्रार करायची नाही. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. ते ठाऊक असूनही मी हो म्हटलं. आता ते गाणं मला आवडतं. तिला सांगितलेलं नाही, रोज कपाळाला आठ्या घालून ऐकते.

निवांत

डोक्यात गाणं अडकलं असेल तर च्युइंगम चघळा. थट्टा नाही, रेडिंग विद्यापीठाने २०१५ मध्ये प्रयोग करून पाहिलाय, फरक पडतो. आमच्यात एकजण मुद्दाम सकाळी सकाळी नको ते गाणं गुणगुणून निघून जातो, त्याच्यासाठी पाकीट खिशात ठेवतो.

शुक्रवार

मालिकेचा दर आठवड्याला एकच भाग यावा. १ फेब्रुवारी २०१३ ला नेटफ्लिक्सवर 'हाउस ऑफ कार्ड्स' या मालिकेचे तेराच्या तेरा भाग एकदम आले आणि तिथून गप्पांची वाट लागली. कुणी दुसऱ्या भागावर, कुणी शेवट बघून तोंडाला कुलूप लावून बसलेला. "तू बघ, मग बोलू." मग कधीच बोलणं होत नाही, तोवर तो सगळं विसरलेला असतो.

मित्र म्हणतो, कादंबरी काय प्रकरणाप्रकरणाने विकत घेतेस? (एकेकाळी तशाच विकल्या जायच्या, पण त्याला सांगून उपयोग नाही.) आता आम्ही दोघांनी एक मालिका धरलीय, सगळे भाग उपलब्ध आहेत, तरी शुक्रवारी एकच बघायचा. शनिवारी सकाळी फोन. तो पुढचे बघतो असा मला दाट संशय आहे, कारण त्याचे अंदाज कधी चुकत नाहीत.

आळशी

माझं शेवटचं. मालिका आवडली नाही तर पहिल्या भागात सोडावी. "सहा भाग बघ, मग रंगते" असं सांगणाऱ्या मित्राला मी विचारलं, एखादा माणूस सहा तासांनी बरा बोलायला लागतो असं असेल तर त्याच्या शेजारी बसशील का? तो म्हणाला, तुझ्याशी मैत्री अशीच झाली.

बघतोय मग. दुसरा सीझन लागला, रंगायची आहे अजून.

गप्पिष्ट

आळशी, त्यात पावसात बंद पडलेली गाडी वारंवार येते का? असेल तर मीही तीच बघतेय, आणि मलाही एका मित्रानेच सांगितलीय.