मूळ सिनेमा दाखवावा की वाढीव आवृत्ती? आणि रिमेक कधी सरस ठरतो?

रंकाळा_काठ:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात दसरा चौकातला एक हॉल रविवारी पाच तासांसाठी मिळतोय. ‘मूळ आणि नंतरचं’ अशी तीन रविवारांची मालिका करायची आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग ‘रिटर्न ऑफ द किंग’ मूळ २०१ मिनिटांचा, वाढीव २५१ चा. वीस मिनिटांचं मध्यंतर धरलं तरी दोन्हींपैकी कुठलीही एक आवृत्ती बसते. त्या जादाच्या पन्नास मिनिटांनी सिनेमा खरंच सुधारतो का? ‘सैराट’ आणि त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ ठरलेत. कोल्हापूरची अशी एखादी जोडी आहे का?

पेठेतला_प्रेक्षक:
आहे की, आणि ती आपल्या मातीतलीच. कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ १९२५ मध्ये मूकपट म्हणून केला आणि १९३६ मध्ये स्वतःच बोलपट म्हणून पुन्हा केला. दिग्दर्शक तोच, गोष्ट तीच, फक्त हातात आवाज आला. बोलपटात अंधारलेली झोपडी आणि कुत्र्याचं रडणं एवढ्यावर शेतकऱ्याची दैना उभी केली होती. मूकपटात असं रडणं ऐकू येत नाही, चित्रावरूनच कळावं लागतं. आवाज आल्यावर हे काम सोपं होतं, आणि सोपं झालं की चित्र ढिलं पडायचा धोका असतो. मूकपटाची प्रिंट आज नाही, त्यामुळे शेजारी-शेजारी दाखवता येणार नाही. प्रास्ताविकात पाच मिनिटं सांगाच.

दुसरं उदाहरण ‘सैरंध्री’. १९२० मध्ये बाबूरावांचा मूकपट, १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा रंगीत प्रयोग. प्रिंटवरची प्रक्रिया जर्मनीत झाली, पण रंग साधले नाहीत. नवं तंत्र आलंय एवढ्याच जोरावर रिमेक उभा राहत नाही.

शेवटची_रांग:
‘रिटर्न’बद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्यांदा बघणाऱ्यांना मूळच दाखवा. वाढीव आवृत्तीत सारुमान या दुष्ट जादूगाराचा शेवट आहे, मूळमध्ये तो पार गाळलाय. ती भर रास्त आहे, कारण दुसऱ्या भागातला एवढा मोठा खलनायक तिसऱ्यात दिसतच नाही हे खटकतं.

पण दुसरी भर नुकसान करते. मूळमध्ये नायक आरागॉर्न मेलेल्यांच्या राजाकडे युद्धासाठी मदत मागतो, पण राजा होकार देतो की नाही हे कळायच्या आत दृश्य तुटतं. मग युद्धात काळी जहाजं लागतात, शत्रूला वाटतं आपलीच माणसं आली, आणि आरागॉर्न खाली उडी मारतो. वाढीव आवृत्तीत राजाचा होकार आणि जहाजं अडवल्याचं आधीच दाखवलंय. त्या उडीतली सगळी हवाच जाते. संकलकानं ते कापलं ते वेळ वाचवायला नव्हे, धक्का राखायला, असं मी मानतो.

दृश्य वाढलं की पार्श्वसंगीतही नव्यानं बेतावं लागतं. इथं हॉवर्ड शोर यांनी नवं संगीत दिलं म्हणून सांधे दिसत नाहीत. एरवी वाढीव आवृत्ती फसते ती इथंच: सूर मध्येच तुटतो किंवा तोच तुकडा परत वाजतो.

फिल्म_आणि_फिरकी:
आवृत्ती निवडण्याआधी डिस्कवरची लांबी तपासा भावा. जुन्या पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम चालतात. त्यामुळे २०१ मिनिटांचा सिनेमा १९३ मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. कात्री लागली असं समजू नका, पण ती डिस्क वापरूही नका.

मूकपटाचा तुकडा लावणार असाल तर वेग बघा. १६ फ्रेमनं चित्रित झालेलं २४ नं लावलं की माणसं दीडपट वेगानं पळतात आणि लोक हसतात, दोष मात्र सिनेमाला लागतो.

पडदा १२ फूट रुंद, १६:९ चा असेल तर उंची ६ फूट ९ इंच. उंचीच्या १.३७ पट रुंद असलेला जुना बोलपट त्यावर ९ फूट ३ इंच रुंदच दिसायला हवा. दोन्ही बाजूंना काळं राहतं, राहू द्या. ‘झूम’ करून पडदा भरलात की डोकी कापली जातात.

तिसऱ्या रविवारी ‘शोले’ घ्या. १९७५ मध्ये आणीबाणीत सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला आणि पोलीस येऊन गब्बरला नेतात. २०२५ च्या पुनर्संचयित प्रतीत ठाकूर त्याला मारतो. हे वाढवणं नव्हे, जबरदस्तीनं काढलेलं परत बसवणं आहे. म्हणून ते मला जास्त पटतं.

करमाळा_रोड:
‘सैराट’ १७४ मिनिटांचा, ‘धडक’ त्याहून अर्धा तासाच्या वर कमी. कात्री बसलीय ती हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या संसारावर आणि जातीवर. करमाळ्याच्या मळ्यांतून गोष्ट उदयपूरच्या हवेलीत नेली की पाटलाची पोरगी आणि मासेमाराचा पोरगा यांच्यातलं अंतर कुणाला जाणवणार? ‘झिंगाट’ची चाल तीच, अजय-अतुल तेच, तरी हिंदीत ते लग्नात वाजवायचं गाणं वाटतं. दोन्हींतली पहिली चाळीस मिनिटं लागोपाठ लावा. पूर्ण ‘धडक’ दाखवायची गरज नाही.

रंकाळा_काठ:
ठरलं. ‘रिटर्न’ मूळच लावतो आणि मध्यंतरानंतर सारुमानचं दृश्य वेगळं दाखवतो.

शेवटची_रांग:
मध्यंतरानंतर नको. ते दृश्य कथेत सुरुवातीला येतं. सिनेमा संपल्यावर दाखवा, दिवे लावण्याआधी. आणि घरगुती वापराची डिस्क सार्वजनिक खेळाला चालत नाही. वितरकाकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय पोस्टर छापू नका.