अनुभव धागा : घरी केलेलं फळांचं फसफसतं कॉकटेल – कृती सांगा, फजितीही सांगा

आळशी सुगरण

परवा बारा माणसांसाठी आंब्याचं कॉकटेल करायला गेले आणि ओट्यावरून पिवळा ओघळ थेट ट्रॉलीच्या ड्रॉवरमध्ये उतरला. हापूसचा रस घरचाच, दाट, न गाळलेला, दुपारपासून ओट्यावर ठेवलेला. तो जगमध्ये घातला आणि वरून नाशिकची स्पार्कलिंग वाइन एका दमात ओतली. दूध उतू जातं ना, तस्सं. फरक एवढाच की गॅस बंद करायची सोय नव्हती. जगमध्ये जे उरलं ते गोडमिट्ट, आणि बुडबुडा औषधालाही नाही. पाहुण्यांनी "छान झालंय आमरस" म्हणून प्यायलं.

तर लिहा आपापले अनुभव. फळ हवं, सोडा किंवा बुडबुड्यांची वाइन हवी, आणि स्वतः केलेलं हवं. मद्य घातलेलं, न घातलेलं, दोन्ही चालेल. कुठूनतरी उचललेली कृती डकवू नका. ज्यांना परत गाडी चालवायची आहे त्यांनी बिनमद्याचंच प्यावं, त्यावर इथे वाद नको.

खारा वारा

वाइनला दोष देऊ नका. घात गराने केलाय. रसातल्या रेषा आणि बारीक कण दिसले की विरघळलेला गॅस त्यांना धरून बाहेर पडतो. त्यात रस कोमट. गारव्यात गॅस टिकतो, उबेत पळतो. तुम्ही दोन्ही दारं उघडी ठेवलीत.

व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युझेप्पे चिप्रियानी यांनी पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेक्को, म्हणजे इटलीची बुडबुड्यांची वाइन, यांचं बेलिनी केलं, तुमचं कॉकटेल त्याच घराण्यातलं. मी पायरीचा रस घेतो, हापूसपेक्षा पातळ आणि किंचित आंबट. वाटीभर रसाला पाव वाटी पाणी, चहाच्या गाळणीतून दोनदा गाळायचा, मग दोन-तीन तास फ्रीजमध्ये. ग्लासही तिथेच. तळाशी दोन बोटं रस, ग्लास तिरपा धरून काठावरून वाइन अर्ध्यापर्यंत. थांबायचं. फेस बसला की उरलेली. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलायचा, ढवळायचं नाही. आणि जगमध्ये कधीही नाही, ज्याचा त्याच्या ग्लासात.

काजूबोंडू

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला माणूस इथे गप्प बसला तर गावात तोंड दाखवता येणार नाही. मार्च उजाडला की आमच्याकडे हुर्राक. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, चेचून रस काढायचा, तो आंबला की भट्टीवर चढवायचा. पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, तोच पुन्हा चढवून कडक केला की फेणी. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण उन्हाळ्याच्या दुपारी फेणी कोण पितो? ती चाळीस टक्क्यांच्या पुढची. हुर्राक पंधरा टक्क्यांच्या आसपास, अंगाला लागत नाही असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो.

कृती म्हणायला लाज वाटावी इतकी सोपी. उंच ग्लास, साठ मिली हुर्राक, अर्ध्या लिंबाचा रस, हिरवी मिरची देठ ठेवून उभी चिरलेली, बर्फ, आणि वर गार लिम्का. मीठ चिमूटभरच, पण ते लिंबाच्या रसात आधी विरघळवून घ्यायचं. वरून भुरभुरवलंत की ग्लास उसळतो. मिरची ठेचायची नाही. ती नुसती आत उभी असते, तिखटापेक्षा वास जास्त देते. दुसऱ्या ग्लासाला तीच मिरची चालते, तिसऱ्याला तुम्हीच चालत नाही.

आता फजिती. पुण्याहून आलेले आमचे भावोजी म्हणाले, "असं नाही रे, कॉकटेल शेक करायचं असतं." आणि जिमला नेतात त्या शेकरमध्ये लिम्कासकट सगळं भरून दणादण हलवलं. झाकण छताला. मिरची पंख्यावर. बहीण आतून ओरडली, "पुन्हा कुकर उडाला काय?" काय शेक करायचं ते करा, बुडबुड्यांचा जिन्नस त्यात घालू नका. तो शेवटी.

आणि एक, हुर्राक साठवून ठेवायच्या भानगडीत पडू नका. मिरगाच्या आत संपवायचा. पुढे त्याचा तो फळाचा वास राहत नाही.

रातांबा

आमच्याकडे सासूबाई पीत नाहीत, पण सगळ्यांच्या हातात उंच ग्लास आणि आपल्या हातात स्टीलचा पेला, हे त्यांना चालत नाही. बरोबरच आहे. त्यांच्यासाठी सुरू केलेलं कोकम-सोडा आता बाकीचेही मागतात.

पहिल्यांदा मात्र आगळ आणि अमृत कोकम यात मी गल्लत केली. अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून उन्हात मुरवलेलं, गोड. आगळ खारट, सोलकढीचं. मी ग्लासात सोडा भरून वरून आगळ सोडलं. मिठाने सोडा जो उफाळला तो सासूबाईंच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर. तो डाग अजून आहे, त्यावर आता फळांची टोपली असते.

आता अमृत कोकमच घेते, चार चमचे. त्यात आल्याचा रस अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड नखभर, बर्फ, आणि शेवटी सोडा. जिरेपूडही आधी कोकमात कालवायची, वरून घातली तर तीही फेस काढते. पिणाऱ्यांच्या ग्लासात तीस मिली जिन. रंग दोन्हींचा एकच, त्यामुळे सासूबाईंच्या ग्लासाला मी पुदिन्याची काडी लावते. एकदा काड्या बदलल्या होत्या. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

कोरडा दिवस

छोट्या बाटल्या घ्या हो. सकाळी उघडलेली मोठी बाटली संध्याकाळपर्यंत नुसतं पाणी. सोड्याचं घरगुती मशीन असेल तर त्यात फक्त पाणीच. मी कलिंगडाचा रस भरला होता. भिंत रंगवून घ्यावी लागली.

नेकारकाठची

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. इथे जूनमध्ये स्ट्रॉबेरीचं बोव्ले करतात. मोठ्या काचेच्या भांड्यात फोडी, साखर आणि थोडी पांढरी वाइन, रात्रभर फ्रीजमध्ये. वाढताना वरून गार झेक्ट, म्हणजे इथली बुडबुड्यांची वाइन. रात्रभरात फळ रस सोडतं, त्यामुळे वेगळा गर घालावा लागत नाही आणि फेसाचा प्रश्नच येत नाही. बर्फाऐवजी गोठवलेल्या स्ट्रॉबेरी घातल्या तर पाणचटही होत नाही. आई आली होती तेव्हा तिने तळातल्या फोडी "फ्रूट सॅलड राहिलंय वाटतं" म्हणून वाटीभर खाल्ल्या. सगळी वाइन त्या फोडींतच असते. दुपारी चारला झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली.

दुसरं ह्यूगो. इटलीतल्या साउथ टिरोलमध्ये 2005 साली निघालेलं, एल्डरच्या फुलांचं सरबत, पुदिना, प्रोसेक्को, सोडा. फुलं मी स्वतः तोडते, कोरड्या सकाळी, आणि धूत नाही, कारण सगळा सुगंध परागात. किडे तेवढे झटकायचे. एका वर्षी उत्साहाच्या भरात साखर कमी घातली आणि बाटल्या घट्ट बंद करून तळघरात ठेवल्या. फुलांवर यीस्ट असतंच. चौथ्या रात्री धडाम. खालच्या आजोबांना वाटलं बॉयलर गेला. काचा वेचताना पायात मोजे घातले होते, बूट नाही, ही माझी अक्कल. आता सरबत उकळून, भरपूर साखर आणि लिंबू घालून करते आणि फ्रीजमध्येच ठेवते. बुडबुडे विकतचे.

खारा वारा

जांभळाचं कोणी केलंय का? माझं दोनदा तुरट झालं, जीभ आत ओढली गेली.

रातांबा

बिया मिक्सरमध्ये फिरवल्यात ना? गर हाताने कुस्करून काढा, सालीसकट गाळणीवर दाबा. साखरेच्या पाकात कणभर मीठ घाला, तुरटपणा मागे सरतो. माझ्यापुरतं तरी एवढ्यानेच जमलं.

आळशी सुगरण

काल पुन्हा केलं. पायरी मिळाला नाही, हापूसच, पण दोनदा गाळला आणि रात्रभर गार ठेवला. वाइन दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यानंतर थांबायला मन तयार होईना, हात शिवशिवत होता. मनात वीस आकडे मोजले. फेस काठापर्यंत आला, थबकला, आणि खाली बसला. वरचा पिवळा थर फिकट, खालचा गडद, आणि मधून बुडबुड्यांची बारीक माळ वर येत होती. नवऱ्याने पहिला घोट घेऊन विचारलं, "आंबा कुठाय यात?"

त्याला आता काजूबोंडूंच्या भावोजींकडे पाठवते.

काजूबोंडू

पाठवा. पंखा अजून पुसलेला नाही.