आजीचं इंजेक्शन

आत्या: आईची फाईल आत्ता पाहिली. हाडांच्या इंजेक्शनची तारीख उलटून पाच आठवडे झाले. कोणाच्याच लक्षात नाही? मी लांब राहते म्हणून विचारतेय, राग मानू नका.

आई: राग कसला. फाईल तुमच्याच कपाटात आहे, म्हणून तर आत्ता पाहिलीत.

मोठे काका: कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना? मग घाबरायचं कारण नाही.

ताई: काका, कॅल्शियम म्हणजे विटा. प्रश्न आहे भिंत पाडणाऱ्यांचा. हाड सतत थोडं मोडतं, थोडं बांधलं जातं. मोठ्या माणसाचा साधारण 10 टक्के सांगाडा वर्षभरात नवा होतो. मोडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. आणि मोडणाऱ्यांना बोलावणं जातं ते बांधणाऱ्यांच्याच घरातून!

बंटी: आधी आपणच काडी लावायची, मग मिटवायलाही आपणच. ओळखीचं वाटतंय.

काकू: बंटी, गप.

ताई: बोलावणं म्हणजे रँकएल नावाचं प्रथिन. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्याच कुळातल्या कच्च्या पेशींना ते चिकटलं की त्या एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट होतात. पण बांधणाऱ्या पेशी ओपीजी नावाचं दुसरं प्रथिनसुद्धा सोडतात. ते रँकएलला वाटेतच धरतं, निरोप पोचतच नाही. मोडतोड किती, ते या दोघांच्या प्रमाणावर. हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट, म्हणजे मूळच्या बांधणाऱ्याच, त्याही रँकएल भरपूर बनवतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं आणि पारडं रँकएलकडे झुकतं.

मोठे काका: सगळं वाचलं. छान माहिती. कॅल्शियम चालू आहे ना?

आत्या: अण्णा, इंजेक्शनचं बोल!

ताई: तेच सांगतेय. आजीचं इंजेक्शन, म्हणजे डेनोसुमॅब, ओपीजीसारखंच रँकएलला धरून ठेवतं. पण हाडात मुरत नाही. सहा महिन्यांनी जोर ओसरला की दाबून ठेवलेली मोडतोड एकदम उसळते. काहींच्या मणक्यात एकापाठोपाठ फ्रॅक्चर होतात.

काकू: मग आधीच्या गोळ्याच बऱ्या होत्या की. हाडात राहायच्या म्हणे. कोणी बदलल्या?

आत्या: किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी बदलल्या, मी नाही. दर वेळी माझ्याच नावावर!

काकू: मी नाव घेतलंय का कुणाचं?

आई: जाऊ द्या. पुढच्या वेळी तारीख मी भिंतीवर लिहीन. भिंत तरी आमच्याकडेच आहे.

ताई: किडनीचं निघालंच म्हणून. अशा पेशंटचं कॅल्शियम या इंजेक्शननंतर फार उतरू शकतं. त्यामुळे आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायचं. तेवढ्यापुरतं काकांचं बरोबर.

मोठे काका: मी सकाळपासून दुसरं काय म्हणतोय?

बंटी: झालं. आता याचा स्क्रीनशॉट लग्नकार्यात फिरणार.

आजी: चार दिवस झाले पाठीत कळ येते. वाकताना कट्कन वाजलं होतं. उगाच कशाला सांगा म्हणून बोलले नाही

आत्या: आई!!

ताई: आजी, वाकू नकोस, काही उचलू नकोस. आज मणक्याचा एक्स-रे करायचाच. किती उशीर झालाय ते डॉक्टरांना आधी सांगा.

आई: गाडी काढायला सांगितलीय. तुम्ही फाईल घेऊन थेट तिकडेच या.

आत्या: निघाले. वहिनी, तिला एकटीला जिना उतरू देऊ नका.

आई: धरलंय मी.

मोठे काका: आजची गोळी दिली का?