गरोदर बाईला ‘दारू घेतेस का’ विचारायचं की नाही?

उपकेंद्रातली सिस्टर : बेळगावकडच्या खानापूर भागात नोकरी. तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईचं तपासणीचं कार्ड, भरताना बीपी, रक्त, तंबाखू, मिशेरी सगळं विचारते, दारूपाशी मात्र जीभ अडते. परवा एकीच्या तोंडाला वास आला म्हणून विचारलं. कार्डाचा कोपरा मुडपत म्हणाली, “कंबर लई दुखतीया, झोप लागंना, म्हणून घोटभर.” सातवा महिना! पहिल्या तपासणीलाच विचारायला हवं होतं. आता ठरवलंय, सरसकट सगळ्यांना विचारायचं.

माळकरी घरचा : अजिबात पटलं नाही. आमच्या घरच्या सुनेला असं विचारलं तर ती परत तपासणीला यायची नाही. संशय असेल तिथंच विचारा.

सिस्टर : संशय कुणाचा घेतो आपण, दादा? वीटभट्टीवरचीचा. बेळगावात बंगल्यात वाईन घेणारीला कोण विचारतं?

निपाणीची लेक : माझ्या वेळची नर्स कानडी बोलणारी, मला कानडी येत नाही. तिनं “कुडितीरा?” (पिता का?) विचारलं आणि सासूबाईंनीच “इल्ल, इल्ल” (नाही, नाही) म्हणून टाकलं. मी घेत नव्हते. पण घेत असते तरी कार्डावर तेच गेलं असतं. सासूसमोर विचारायचं असेल तर न विचारलेलं बरं.

माळकरी घरचा : तेच म्हणतोय. आणि कळून करणार काय? आमच्या आजीनं बाळंतिणींना ब्रँडी दिली, सगळी पोरं धडधाकट आहेत.

सिस्टर : बाळंतपणानंतरचं वेगळं, तरी अंगावरच्या दुधातूनही दारू उतरतेच. पोटात असताना ती वारेतून थेट बाळाच्या रक्तात जाते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 1973 साली त्यातून बाळाला होणाऱ्या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असं नाव दिलं : लहान डोकं, पातळ वरचा ओठ, मंद वाढ. कित्येक पोरांचा चेहरा नेहमीसारखाच असतो, शाळेत घातल्यावर त्रास कळतो. इतकी चालते असं कुठलंही माप नाही. सातव्या महिन्यात सोडली तरी फायदा होतो, म्हणून विचारायचं. फक्त रोज भरपूर पिणारीला एकदम बंद कर म्हणू नये, अंगावर येतं. तिला डॉक्टरांकडे न्यायचं.

माळकरी घरचा : धोका मान्य. पण पहिल्याच भेटीला नको. आधी ओळख होऊ दे, दुसऱ्या खेपेला विचारा.

सिस्टर : दुसऱ्या खेपेला कित्येकजणी माहेरी गेलेल्या असतात, दादा. निपाणीच्या ताईंचं मात्र खरं आहे. आमचा वजनकाटा आतल्या खोलीत आहे, तिथं सासू येत नाही. आता तिथंच विचारते.