स्मिता पाटील यांच्या कारकिर्दीचे ‘समांतर’ आणि ‘व्यावसायिक’ असे दोन तुकडे करणे योग्य आहे का?

चित्रवाचक (प्रश्न):
नमस्कार. आमच्या वाचनालयात स्मिता पाटील यांच्या चित्रपटांवर चर्चा ठेवायची आहे. त्यांच्याविषयीच्या अनेक लेखांत १९७५ ते १९८१ हा समांतर (म्हणजे लोकप्रिय साच्याबाहेरच्या, वास्तववादी) चित्रपटांचा काळ आणि १९८२ मधील ‘नमक हलाल’ व ‘शक्ती’ यांपासून व्यावसायिक चित्रपटांचा काळ अशी विभागणी केलेली असते, आणि दुसरा काळ ही जणू घसरणच होती असे सुचवले जाते. मला हे पटत नाही, कारण त्याच १९८२ साली ‘उंबरठा’, ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ही आले. आपले मत काय? पाच चित्रपट दाखवायचे झाल्यास कोणते निवडावेत?

जुनी_तबकडी:
आपली शंका रास्त आहे. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या या तरुणीला दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मध्ये घेतले, पुढच्या वर्षी ‘मंथन’ आला आणि १९७७ मध्ये ‘भूमिका’. अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेल्या त्या चित्रपटात त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर असताना एका बाईचे पौगंडापासून प्रौढपणापर्यंतचे आयुष्य उभे केले, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; दुसरा ‘चक्र’साठी. त्याच १९७७ साली त्या डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरवाडीतली चिंधी झाल्या होत्या. शिवाय त्या केतन मेहता यांच्या गुजराती ‘भवनी भवाई’त, मृणाल सेन यांच्या बंगाली ‘अकालेर संधाने’त आणि अरविंदन यांच्या मल्याळम ‘चिदंबरम’मध्ये आहेत. एवढा पसारा दोन कप्प्यांत बसणार कसा?

माजघर:
मी ‘उंबरठा’विषयीच लिहिते, कारण तो वगळून ही चर्चा होऊच नये असे मला मनापासून वाटते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून लहान मुलीला घरी ठेवून स्त्रियांच्या आश्रमाची अधीक्षिका म्हणून दूर गावी जाते, तिथल्या अन्यायाशी झगडते, आणि परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. या सगळ्यात स्मिताताई एकदाही प्रेक्षकाकडे सहानुभूती मागत नाहीत. सुलभा चुकते, चिडते, कधी कठोरही वाटते, आणि तरीही तिचा निर्णय आपल्याला तिच्या बाजूने विचार करायला लावतो. आता याच्या शेजारी ‘अर्थ’ ठेवून पाहा. तिथे त्याच दुसऱ्या स्त्रीची भूमिका त्यांनी केली आहे, आणि तिची असुरक्षितता, तिचा ढासळत जाणारा तोल इतका खरा आहे की तिला खलनायिका म्हणता येत नाही. मोडलेल्या संसाराच्या दोन्ही बाजू एकाच वर्षात, दोन भाषांत मांडणाऱ्या अभिनेत्रीबद्दल ‘त्या वर्षी त्या व्यावसायिक झाल्या’ एवढेच लिहिणे मला अन्यायाचे वाटते.

पडद्यामागे:
वरील मताचा आदर राखून एक वेगळा मुद्दा मांडतो. १९८४ नंतर त्यांनी केलेल्या हिंदी चित्रपटांपैकी बऱ्याच चित्रपटांत त्यांच्या वाट्याला पातळ भूमिका आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या असूनही पटकथेने त्यांना काही करू दिले नाही, असे प्रसंग मी पाहिले आहेत. मात्र त्याचा दोष अभिनेत्रीवर टाकण्यापूर्वी त्या काळात नायिकेसाठी काय लिहिले जात होते ते पाहावे. ‘आखिर क्यों?’ (१९८५) हा पूर्णपणे लोकप्रिय घडणीचा चित्रपट असूनही, नवऱ्याने फसवल्यावर लेखिका म्हणून उभी राहणारी निशा त्यांनी ताकदीने साकारली. म्हणून निवडीत तो असावा. केवळ उत्तम म्हणून गाजलेले चित्रपट दाखवले, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

चित्रवाचक:
आपणा सर्वांचे आभार. ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, ‘उंबरठा’, ‘आखिर क्यों?’ आणि ‘मिर्च मसाला’ असे पाच ठरवत आहे. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या आणि ‘मिर्च मसाला’ त्यानंतर प्रदर्शित झाला. सुभेदाराला नकार देऊन मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणारी सोनबाई पाहिल्यावर घसरणीची भाषा कोणी करील असे वाटत नाही. माजघर यांच्या सूचनेनुसार ‘उंबरठा’च्या दुसऱ्या दिवशी ‘अर्थ’मधील काही प्रसंगही दाखवता येतील का, ते मंडळाला विचारतो.