विषय: बेसमेंट सोडायचंय, पुढे कुठे? (टोरोंटोत ज्येष्ठांना परवडेल असं घर)

माई, स्कारबरो

नमस्कार मंडळी,

संक्रांतीची मेल पोचली. तिळाच्या वड्या दोन किलो माझ्याकडे धरा. आज लिहितेय ते मात्र वेगळ्याच कारणासाठी.

नऊ वर्षं ज्या बेसमेंटमध्ये राहतेय, तिथल्या मालकांनी ५ तारखेला एन-१२ (घर सोडण्याच्या नोटिशीचा फॉर्म) हातात ठेवला. मुलीला जागा हवी म्हणे. ६० दिवसांची मुदत. बाहेर चौकशी केली तर आत्ताच्या दुप्पट भाडं सांगतात, आणि माझी सगळी मिळकत म्हणजे ओएएस (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) आणि जीआयएस (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी जोड).

तसं हे घर काही स्वर्ग नव्हे. जिन्याला तेरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला, तोही उतरताना डाव्या हाताला, आणि माझा नेमका डावा खांदा धरलेला. म्हणून मी शिडी उतरल्यासारखी उलटी उतरते. लेक कॅलगरीला बोलावतेय. पण इथे चोपन्न नंबरची बस मला हॉस्पिटलच्या दारात सोडते. तिथे प्रत्येक वेळी जावयाच्या गाडीची वाट बघत बसायचं?

सवलतीची सरकारी घरं असतात ना? कुणी अर्ज केलाय का? मी लाज सोडून विचारतेय, तुम्हीही लाज सोडून सांगा.

चिटणीस

माई, आधी एक करा: सामान बांधू नका. एन-१२ ही नुसती नोटीस आहे, घर रिकामं करायचा हुकूम नव्हे. तो हुकूम फक्त मालक-भाडेकरूंचे तंटे सोडवणारं लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड देऊ शकतं, तेही तुमची बाजू ऐकून. शिवाय शेवटची तारीख भाड्याच्या महिन्याच्या अखेरीचीच लागते. तुम्ही भाडं १ तारखेला देत असाल, तर ५ जानेवारीच्या नोटिशीवर ३१ मार्चच्या आधीची तारीख चालत नाही. एक महिन्याचं भाडं भरपाई म्हणून मालकांनी द्यायचं असतं, आणि मुलीचा इरादा किमान वर्षभर राहण्याचा हवा. नोटिशीचा फोटो मला पाठवा.

नवी जागा बघताना चकचकीत कॉन्डोला भुलू नका. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या जागांना भाडेवाढीची मर्यादाच नाही. जुन्या इमारतीत २०२६ साठी ती २.१ टक्क्यांची आहे.

अण्णा

माई, मी केलाय अर्ज, आणि राहतोयही तिथेच. ज्येष्ठांना शहराची सवलतीची घरं देणारं टोरोंटो सीनिअर्स हाउसिंग कॉर्पोरेशन २०२२ मध्ये टोरोंटो कम्युनिटी हाउसिंगमधून वेगळं झालं. त्यांच्या ८३ इमारती आहेत, वय ५९ किंवा वर लागतं. सवलतीचं भाडं उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के. लिफ्ट आहे, खाली कपडे धुवायचं मशीन आहे, आणि आमच्या मजल्यावर एक तमिळ आजी आहेत, त्यांचं रसम मला दर शुक्रवारी मिळतं.

पण नंबर लागायला वर्षं जातात. आम्ही अर्ज केला तेव्हा ही होती. किल्ली हातात आली तेव्हा मी एकटा होतो. म्हणून गरज पडल्यावर बघू म्हणणाऱ्यांवर मी चिडतो. साठी उलटलेल्या आणि भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकाने अर्ज आजच टाकावा.

आता खाचाखोचा. अर्ज दर वर्षी ताजा करावा लागतो, नाहीतर नाव गळतं. टॅक्स रिटर्न दर वर्षी भरायचाच, उत्पन्न शून्य असलं तरी. आलेलं घर नाकारलं तर यादीतून बाहेर. आणि आपल्या लोकांचा पाय हमखास अडकतो तो इथे: तिकडे तुमच्या नावावर राहता येण्याजोगा फ्लॅट असेल, तर इथे घर मिळाल्यापासून १८० दिवसांत तो विकून किंवा दुसऱ्याच्या नावे करून आपल्या नावावरून काढावा लागतो. डोंबिवलीतला असो की पुण्यातला. लपवू नका.

एक सभासद, मिसिसॉगा

आपलीच एक इमारत का नको? मराठी जेवण, भजन, गणपती. चिनी मंडळींनी वृद्धांसाठी यी हाँग केंद्र उभं केलंच ना स्कारबरोत?

अण्णा

केलं. १९८७ मध्ये संस्था, १९९४ मध्ये पहिली वास्तू. म्हणजे सात वर्षं, आणि तेही परावलंबी वृद्धांच्या शुश्रूषेसाठी. आपल्याकडे हा विषय दर दिवाळीच्या पंगतीत निघतो आणि श्रीखंडाबरोबर संपतो. तुम्ही समिती करा, पहिला चेक माझा. तोवर तुमच्या वडिलांचा अर्ज टाका. मिसिसॉगा पील रीजनमध्ये येतं, म्हणून तुमची यादी पीलची, टोरोंटोची नव्हे.

माई

चिटणीस, फोटो पाठवला. तारीख ६ मार्चच टाकली आहे त्यांनी!

अण्णा, काल अर्ज भरला. नाशिकच्या फ्लॅटवर माझं आणि दिरांचं, दोघांचं नाव आहे. भाऊजींना फोन केला. म्हणाले, "वहिनी, विकायचं नंतर बघू, आधी तुमच्या वाट्याची पाणीपट्टी थकलीय."

वड्या दीड किलोच धरा. कागद शोधण्यात दिवस जातोय.